रकाने, चिठ्ठ्या आणि आवृत्त्या

भगवद्गीता महाभारतात कुठे येते? भीष्मपर्वात, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण भीष्मपर्वाच्या कितव्या अध्यायात? पुण्यातच छापलेली दोन महाभारतं समोर घेऊन बसलं, तर या प्रश्नाची दोन उत्तरं मिळतात. चित्रशाळा प्रेसने १९२९ ते १९३६ या काळात नीलकंठाच्या टीकेसह जे महाभारत छापलं, त्यातल्या प्रचलित पाठाप्रमाणे गीतेचा पहिला अध्याय हा भीष्मपर्वाचा पंचविसावा अध्याय आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत मात्र तो तेविसावा आहे.

दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. घोटाळा होतो तो पुढे. कुणी आपल्या लेखात ‘भीष्मपर्व, अध्याय २५’ एवढाच संदर्भ देतो. एका पुस्तकात तिथे अर्जुनाचा विषाद निघतो, दुसऱ्यात त्याच क्रमांकावर कर्मयोग. संदर्भ चुकलेला नाही, आकडा चुकलेला नाही, तरी वाचणारा भलतीकडेच पोचतो. कारण आकड्याबरोबर एक गोष्ट सांगायची राहून गेली: आवृत्ती कोणती?

आज ज्याला आपण डेटाबेस म्हणतो, त्या माहितीच्या भांडारांना हाच प्रश्न दररोज पडतो. माहिती बदलते, आणि माहिती ज्या साच्यात ठेवायची तो साचाही बदलतो. जुनं मोडू न देता नवं कसं आणायचं? संगणक येण्याच्या कितीतरी आधी पुण्यातल्या दोन संस्थांनी कागद, शाई आणि लाकडी-लोखंडी खणांच्या मदतीने हा प्रश्न हाताळला होता. त्यांची पद्धत समजून घेतली, तर डेटाबेस म्हणजे नेमकं काय हे वर्गात समजावून सांगणं पुष्कळ सोपं होतं.

एका श्लोकाच्या अनेक प्रती

भांडारकर संस्थेची स्थापना ६ जुलै १९१७ रोजी झाली. १ एप्रिल १९१९ रोजी खुद्द रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या हस्ते तिथे महाभारताच्या कामाला सुरुवात झाली. काम कोणतं, तर देशभर विखुरलेल्या महाभारताच्या हस्तलिखितांची तुलना करून, उपलब्ध पुराव्यावरून जास्तीत जास्त मागे जाता येईल असा पाठ ठरवायचा. १९२५ मध्ये विष्णु सीताराम सुखठणकर या कामाचे प्रमुख संपादक झाले. सुखठणकर आधी केंब्रिजला गणित शिकले होते आणि मग बर्लिनला जाऊन प्राच्यविद्येकडे वळले. त्यांच्या कामात गणित्याची शिस्त जागोजागी दिसते.

अडचण काय होती, ते आधी पाहू. छापखाना नसताना प्रत्येक पोथी हाताने उतरवली जाई. उतरवणाऱ्याच्या हातून अक्षर निसटे, ओळ गळे. एखाद्या विद्वान लेखकाला जुना शब्द अवघड वाटे, म्हणून तो सोपा शब्द घाली. कुणी समासात लिहिलेला श्लोक पुढचा लेखक मजकुरात ओढून घेई. शिवाय नक्कल करणाऱ्याजवळ दोन पोथ्या असल्या, तर तो दोन्हींमधलं घेऊन तिसरीच तयार करी. काश्मीरची शारदा लिपी, नेपाळी, मैथिली, बंगाली, देवनागरी, दक्षिणेकडची तेलुगू, ग्रंथ आणि मल्याळम, अशा निरनिराळ्या लिप्यांमध्ये महाभारत वाढत आणि बदलत गेलं.

यावर योजलेली पद्धत अशी. प्रत्येक हस्तलिखिताला त्याच्या लिपीवरून एक खूण आणि क्रमांक द्यायचा. चौकटी आखलेल्या कागदावर सर्वांत वर एक श्लोक अक्षर न् अक्षर मांडायचा. त्याच्या खाली एकेका पोथीसाठी एकेक ओळ. ज्या अक्षरापाशी पोथी वेगळं काही सांगते, त्या अक्षराखालच्या चौकटीत ते वेगळं अक्षर लिहायचं. आडवं वाचलं की एका पोथीचं म्हणणं कळतं, उभं वाचलं की एका अक्षराबद्दल सगळ्या पोथ्यांचं म्हणणं कळतं. आपल्या हजेरीपत्रकासारखंच हे: आडव्या ओळीत एक मुलगा, उभ्या रकान्यात एक दिवस. आजच्या डेटाबेसमधल्या कोष्टकाची रचनाही याहून निराळी नसते. एकट्या आदिपर्वासाठी सुमारे ६० पोथ्या अशा ताडून पाहिल्या गेल्या. सगळ्या पर्वांसाठी मिळून १,२५९ हस्तलिखितं तपासली गेली.

मग पाठ ठरवायचा कसा? नुसत्या बहुमताने नाही. एकाच चुकीच्या पोथीच्या पन्नास नकला झाल्या, तर पन्नास साक्षी मिळतात, पण त्या सगळ्यांची किंमत एकाच साक्षीएवढी. उलट एकमेकींशी संबंध येण्याची शक्यता फार कमी असलेल्या, दूर उत्तरेच्या आणि दूर दक्षिणेच्या पोथ्या एकच शब्द देत असतील, तर तो शब्द दोघींच्या समान पूर्वजाकडून आला असण्याची शक्यता जास्त. जीवशास्त्रात सजीवांचा वंशवृक्ष मांडताना आपण असाच विचार करतो.

काहीही फेकायचं नाही

या कामातली आम्हाला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट याच्याही पुढची आहे. संपादकांनी जो पाठ नाकारला तो फेकून दिला नाही. पानाच्या वरच्या भागात ठरवलेला पाठ, खालच्या भागात पाठभेद, आणि प्रत्येक पाठभेदापुढे तो कोणत्या पोथ्यांत मिळतो त्याच्या खुणा. जास्तीचे श्लोक तारांकित करून तळटीपेत घातले, मोठे प्रसंग परिशिष्टात. व्यासांनी सांगावं आणि गणपतीने लिहून घ्यावं ही आपल्या सर्वांच्या आवडीची कथा चिकित्सक आवृत्तीच्या मुख्य पाठात नाही. पण ती नाहीशी झालेली नाही, आदिपर्वाच्या परिशिष्टात ती मिळते. आणि जिथे संपादकांची स्वतःचीच पुरती खात्री नव्हती, तिथे शब्दाखाली नागमोडी रेघ आहे. ‘हे आमचं मत, पण याला भक्कम आधार नाही’ असं त्या रेघेतून वाचकाला सांगितलं जातं.

यावर आक्षेपही आले. सिल्व्हँ लेव्ही या फ्रेंच पंडितांनी सुचवलं होतं की प्रचलित पाठच छापावा आणि खाली पाठभेद द्यावेत. आक्षेपात तथ्य होतं. संपादकांनी ठरवलेला पाठ जसाच्या तसा कुठल्याही एका पोथीत मिळत नाही, मग त्याला महाभारत म्हणायचं कशाच्या बळावर? सुखठणकरांनी १९३३ साली आदिपर्वाच्या प्रस्तावनेत आपली भूमिका सविस्तर मांडली. पण खरी कसोटी नंतर लागली. आदिपर्व छापून झाल्यावर नेपाळचे राजगुरू हेमराज यांच्याकडून एक फार जुनी नेपाळी पोथी अभ्यासासाठी मिळाली. पाठ ठरवताना ती हाताशी नव्हती. ती ताडून पाहिली, तेव्हा मुख्य पाठातून बाजूला काढलेले कितीतरी श्लोक तिच्यातही नव्हतेच, असं दिसलं. आधी तर्काने सांगायचं आणि मग नव्या पुराव्याने ते तपासायचं, ही विज्ञानाची रीत इथे पोथ्यांच्या बाबतीत पाळली गेली.

१९४३ मध्ये सुखठणकर वारले. श्रीपाद कृष्ण बेलवलकर आणि त्यांच्यानंतर परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी काम पुढे नेलं आणि सप्टेंबर १९६६ मध्ये ते पूर्ण झालं. माणसं बदलली, पण खुणांची आणि तळटीपांची पद्धत ठरलेली असल्यामुळे जवळजवळ अर्धशतकाचं काम एकाच हाताचं वाटावं इतकं जुळून आलं.

एक कोटी चिठ्ठ्या

दुसरी संस्था येरवड्याची, डेक्कन कॉलेज. १९४८ मध्ये संस्थेचे संचालक सुमित्र मंगेश कत्रे यांनी तिथे संस्कृतच्या एका महाकोशाची आखणी केली. कोश ऐतिहासिक तत्त्वावरचा. म्हणजे प्रत्येक शब्द पहिल्यांदा कुठे दिसतो, पुढे त्याचा अर्थ कसा पालटत गेला, हे काळाच्या क्रमाने आणि उताऱ्यांनिशी दाखवायचं. त्यासाठी ऋग्वेदापासून एकोणिसाव्या शतकापर्यंतचे सुमारे दीड हजार ग्रंथ वाचले गेले. १९७३ पर्यंत, म्हणजे पंचवीस वर्षांत, सुमारे एक कोटी चिठ्ठ्या तयार झाल्या. पहिला भाग १९७६ मध्ये अमृत माधव घाटगे यांच्या संपादनाखाली निघाला. त्यानंतर पस्तीसच्या आसपास भाग छापून झाले, तरी कोश अजून ‘अ’ या अक्षरातच आहे. त्यावरून कामाचा आवाका ध्यानात यावा.

एका चिठ्ठीवर काय असतं? शब्द, त्याचं व्याकरण, तो ज्या वाक्यात आला ते वाक्य, ग्रंथाचं संक्षिप्त नाव, आणि ग्रंथातलं स्थान. चिठ्ठी कुणीही लिहिलेली असो, या गोष्टी तिच्यावर असायलाच हव्यात. काय लिहायचं, कुठे लिहायचं, कोणती खूण कशासाठी वापरायची, हा काम सुरू करण्याआधी केलेला करार म्हणजे माहितीचा साचा. संगणकवाले त्याला डेटा मॉडेल म्हणतात. चिठ्ठ्या म्हणजे डेटा, करार म्हणजे मॉडेल. करार नसेल, तर एक कोटी चिठ्ठ्या म्हणजे नुसती रद्दी.

इंग्रजीचा ऑक्सफर्ड कोशही अशाच चिठ्ठ्यांवर उभा राहिला. त्याचा पहिला भाग १८८४ मध्ये आणि शेवटचा १९२८ मध्ये निघाला. त्यात एक गंमतशीर पण बोचरी घटना घडली. दासी या अर्थाचा ‘बाँडमेड’ हा शब्द कोशात छापायचाच राहून गेला, कारण त्याच्या चिठ्ठ्या कुठेतरी गहाळ झाल्या होत्या. तो शब्द १९३३ च्या पुरवणीत घ्यावा लागला. ज्या भांडारात प्रत्येक नोंदीची एकच प्रत असते आणि मोजदाद नसते, तिथे काय हरवलं हेही कळत नाही. त्यामुळे आजचं कोणतंही शहाणं भांडार प्रत्येक नोंदीला क्रमांक देतं आणि नोंदींच्या प्रती दुसरीकडे ठेवतं.

तारीख कुठे लिहावी?

आता एक कोडं घालू. वर्गात मोठ्या मुलांना घालण्याजोगं आहे.

समजा, तुम्ही असा कोश करत आहात आणि प्रत्येक चिठ्ठीवर ग्रंथाचा काळही लिहीत आहात. एका ग्रंथातून वीस हजार चिठ्ठ्या निघाल्या. दहा वर्षांनी नवं संशोधन आलं आणि तो ग्रंथ दोनशे वर्षांनी अलीकडचा ठरला. आता काय कराल? वीस हजार चिठ्ठ्या खणांतून शोधून काढायच्या आणि प्रत्येकीवर खाडाखोड करायची. त्यातल्या पाचशे राहून गेल्या, तर एकाच ग्रंथाला दोन काळ चिकटले, आणि कोशातला अर्थांचा क्रम काही ठिकाणी बरोबर तर काही ठिकाणी चूक.

यावर उपाय साधा आहे. चिठ्ठीवर ग्रंथाचं फक्त संक्षिप्त नाव लिहायचं. ग्रंथांची वेगळी यादी करायची आणि काळ त्या यादीत, एकदाच. दुरुस्ती करायची वेळ आली, की एका ओळीत एक आकडा बदलायचा. वीस हजार चिठ्ठ्यांना हातही लावायचा नाही.

एक गोष्ट एकाच जागी लिहावी, बाकी सगळीकडून तिच्याकडे बोट दाखवावं, हे तत्त्व १९७० मध्ये एडगर कॉड या गणितज्ञाने पाया घातलेल्या पद्धतीच्या मुळाशी आहे. कॉड अमेरिकेत आयबीएम कंपनीत काम करत होता. त्याचं म्हणणं असं, की माहिती वापरणाऱ्याला ती आत कशी रचून ठेवली आहे याच्याशी देणंघेणं नसावं. आतली रचना बदलली तरी वापरणाऱ्याचं काम अडू नये. माहिती कोष्टकांत ठेवावी, आणि कोष्टकं एकमेकांशी खुणांनी जोडावीत. बँका, रेल्वे आरक्षण, परीक्षा मंडळं यांच्या कामातली बहुतेक माहिती आज अशाच कोष्टकांत असते. कोशकारांची ग्रंथयादी आणि चिठ्ठी यांचं नातं त्याच जातीचं आहे.

साचा बदलतो तेव्हा

माहिती दुरुस्त करणं एक वेळ सोपं, साचा बदलणं अवघड. शाळेच्या जनरल रजिस्टरवरून किंवा ‘यू-डायस’मध्ये माहिती भरण्याच्या अनुभवावरून हे शिक्षकांना वेगळं सांगायला नको. साचा तीन तऱ्हांनी बदलतो.

पहिली तऱ्हा, नवा रकाना येतो. जुन्या नोंदींत तो कोरा राहतो. इथे एक सूक्ष्म गोष्ट जपावी लागते. कोरा रकाना म्हणजे ‘नाही’ असं नव्हे. ‘तेव्हा विचारलंच नव्हतं’ असा त्याचा अर्थ. दोन्हींत गल्लत झाली, तर पुढे कुणीतरी जुनी रजिस्टरं पाहून भलतेच निष्कर्ष काढील.

दुसरी तऱ्हा, एका रकान्याचे दोन-तीन होतात. ‘पूर्ण नाव’ होतं, त्याचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं झालं. पण जुन्या नोंदींत कुणाचं आडनावच लिहिलेलं नाही, कुणाचं वडिलांऐवजी मामाच्या नावाने लावलेलं आहे. नवा साचा गृहीत धरतो तशी माणसं नेहमी असतातच असं नाही.

तिसरी तऱ्हा सर्वांत घातक. रकान्याचं नाव तेच राहतं आणि अर्थ बदलतो. एका वर्षी ‘वय’ जूनअखेरचं धरलं आणि पुढल्या वर्षी डिसेंबरअखेरचं, तर कागदावर काहीच वेगळं दिसत नाही, पण दोन वर्षांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहणं चुकीचं ठरतं. ‘भीष्मपर्व, अध्याय २५’ या संदर्भाचा घोटाळा याच जातीचा.

तिन्हींवर औषध एकच: साच्याला आवृत्तीचा क्रमांक द्या, ती कोणत्या तारखेपासून लागू झाली ते लिहा, आणि जुन्यातून नव्यात जाण्याचं कोष्टक जवळ ठेवा. आजच्या माहिती-व्यवस्थांमध्ये साच्याची प्रत्येक आवृत्ती अशीच क्रमांकाने आणि तारखेने जपली जाते.

महाराष्ट्र शासनाने मार्च २०२४ मध्ये घेतलेला एक निर्णय या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांचं नाव शासकीय कागदपत्रांत मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव या क्रमाने लिहायचं ठरलं. आईचं नाव मुलाच्या नावाशेजारी आलं, ही सामाजिक दृष्ट्या मोठी गोष्ट. माहितीच्या दृष्टीनेही ती मोठी आहे, कारण नावातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ बदलला. ही मुलं २०३० च्या सुमारास पहिलीत येतील. तेव्हा त्यांच्या मोठ्या भावंडांच्या नावात दुसरा शब्द वडिलांचा असेल आणि त्यांच्या नावात आईचा. निर्णयात ‘या तारखेपासून’ असं स्पष्ट म्हटलं आहे, त्यामुळे जन्मतारीख पाहून कोणता साचा लावायचा ते कळेल. तारीख नसती, तर एकाच घरातली दोन भावंडं कागदावर परकी ठरली असती.

अक्षरांनाही आवृत्त्या असतात

ज्या अक्षरांत आपण हे सगळं लिहितो, ती संगणकात आकड्यांच्या रूपाने राहतात. कोणत्या अक्षराला कोणता आकडा, हाही एक करारच. भारतीय लिप्यांसाठीचा ‘इस्की’ हा करार भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये मान्य केला. पुण्याच्या सी-डॅक संस्थेच्या ‘जिस्ट’ तंत्रामुळे तो वापरात आला. त्यात ‘क’ म्हणजे १७९. जगातल्या सर्व लिप्यांसाठीच्या ‘युनिकोड’मध्ये ‘क’ म्हणजे २३२५. त्याच काळात छपाईच्या अनेक फाँटांचे आपापले खासगी आकडे होते. त्यामुळे त्या दशकात टाइप केलेला कितीतरी मराठी मजकूर, मूळ फाँट हाताशी नसला, की आज उघडल्यावर अर्थहीन चिन्हांची रांग होऊन समोर येतो. शब्द शाबूत आहेत, करार हरवला आहे.

युनिकोडने यावरून धडा घेऊन नियम केला: एकदा दिलेला आकडा पुन्हा काढून घ्यायचा नाही की हलवायचा नाही. नवी अक्षरं फक्त पुढे जोडत जायची. मराठीतल्या ‘ॲ’ या अक्षराला असा स्वतंत्र आकडा २००८ मध्ये मिळाला, २४१८. पण त्याआधी लोक ‘अ’वर चंद्र देऊन, म्हणजे दोन आकडे जोडून, ते लिहीत होते, आणि काही ठिकाणी अजूनही लिहितात. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, यंत्राला दोन वेगळे शब्द वाटतात. म्हणून एका पद्धतीने लिहिलेला ‘ॲल्युमिनियम’ दुसऱ्या पद्धतीने शोधला, तर सापडत नाही.

महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा मुख्य पाठ क्योटोच्या मुनेओ तोकुनागा यांनी १९९० च्या दशकात संगणकावर चढवला आणि केंब्रिजच्या जॉन स्मिथ यांनी तो तपासून दुरुस्त केला. म्हणजे कागदावरची आवृत्ती संपते न संपते, तोच यंत्रावरच्या आवृत्त्या सुरू झाल्या. कोणत्या तारखेची फाइल, हा प्रश्न आला. पोथ्यांच्या वेळचाच प्रश्न, नव्या कपड्यांत.

वर्गात करून पाहता येईल असं

वीस-पंचवीस मुलांना प्रत्येकी दहा कोऱ्या चिठ्ठ्या द्या. घरी आजी-आजोबांकडून स्वयंपाकघरातले किंवा शेतातले दहा शब्द मिळवून आणायला सांगा, पण चिठ्ठीवर काय काय लिहायचं ते सांगू नका. चिठ्ठ्या आल्यावर त्या लावायचा प्रयत्न करा. कुणी अर्थ लिहिलेला नसेल, कुणी गाव लिहिलेलं नसेल, कुणी एका चिठ्ठीवर तीन शब्द कोंबलेले असतील. मग मुलांनाच रकाने ठरवू द्या आणि त्या कराराला ‘आवृत्ती १’ म्हणून तारीख घाला. दुसऱ्या आठवड्यात मुलं आपण होऊन म्हणतील, की शब्द कुणी सांगितला आणि त्यांचं वय काय, हेही हवं होतं. तेव्हा ‘आवृत्ती २’ करा. पहिल्या आठवड्याच्या चिठ्ठ्या मात्र फाडू नका. त्यांच्यावर वयाचा रकाना का कोरा आहे, हे पुढच्या वर्षीच्या मुलांना कळेल अशी एक ओळ लिहून त्या त्याच खोक्यात ठेवा.